गिअर आधी, बंदूक नंतर: ‘गॅसलँड्स’ची पहिली शर्यत कशी खेळावी

घरात लहान मूल असेल, किंवा कधीकाळी होतं, तर या खेळाचं अर्धं सामान तुमच्याकडे आहेच. सोफ्याच्या फटीत, माळ्यावरच्या खोक्यात, कुंडीच्या मातीत रुतून बसलेल्या त्या बोटभर लांबीच्या धातूच्या गाड्या बाहेर काढा. रंग उडालेला असेल, एखादं चाक वाकडं असेल तर फारच छान. आपल्याला त्यांना उजाड वाळवंटातून, एकमेकींवर गोळ्या झाडत, राक्षसांच्या तोंडून निसटत पळवायचं आहे.

‘गॅसलँड्स’ हा टेबलावर खेळायचा खेळ माइक हचिन्सन यांनी रचला. ऑस्प्रे प्रकाशनाने तो २०१७ मध्ये पुस्तकरूपात आणला आणि २०१९ मध्ये ‘गॅसलँड्स: रिफ्यूएल्ड’ ही सुधारित आवृत्ती काढली. आज घ्यायची ती हीच. कथा थोडक्यात अशी: युद्धात पृथ्वीची राखरांगोळी झाली आहे, सत्ता आणि पैसा मंगळावर आहे, आणि मंगळावरच्या प्रेक्षकांसाठी पृथ्वीवरची माणसं जिवावरच्या शर्यती खेळतात. जिंकणाऱ्याला मंगळाचं तिकीट. गाड्यांच्या मारामारीचे खेळ त्याआधीही होते. स्टीव्ह जॅक्सन यांच्या कंपनीचा ‘कार वॉर्स’ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा, गेम्स वर्कशॉपचा ‘डार्क फ्यूचर’ १९८८ चा. पण दुकानात खेळणं म्हणून मिळणारी साधी गाडी उचलून तिच्यावरच खेळ उभा करायचा, हे हचिन्सन यांनी फार नेटकं साधलं. परदेशातून महागडे पुतळे मागवावे लागत नाहीत, म्हणून आपल्याकडच्या नवख्या माणसाला मी सगळ्यात आधी हाच खेळ सांगतो.

माझ्या घरच्या टेबलावर बरीच नवीन माणसं पहिल्यांदा खेळली. बहुतेक जण एकाच कारणाने हरतात, आणि ते कारण शत्रूची बंदूक नसतं. ते पुढे येईलच. आधी गाडी तयार करू.

गाडी निवडणं आणि उघडणं

खेळण्यातल्या या गाड्या साधारण १:६४ प्रमाणाच्या म्हणून विकल्या जातात. हॉट व्हील्स आणि मॅचबॉक्स दोन्ही चालतात. पहिल्या शर्यतीसाठी प्रत्येकाला दोनच गाड्या द्या: एक साधी कार आणि एक बग्गी (घोड्याची नव्हे, वाळवंटात पळणारी हलकी, उघडी गाडी). बस आणि अवजड ट्रक बघायला भारदस्त असतात, पण त्या तिसऱ्या गिअरच्या पुढे जात नाहीत, आणि शर्यतीत नवख्या माणसाचा जीव त्या कंटाळवून टाकतात. त्या नंतरसाठी ठेवा.

रंगवायची नसेल तर गाडी आहे तशी खेळा, काही बिघडत नाही. रंगवायची असेल तर ती उघडावी लागते. गाडी उलटी धरा. बुडाशी एक किंवा दोन गोल रिव्हेट दिसतील. त्यांच्या मधोमध सुईने खूण करा आणि ३ मिलिमीटरच्या आसपासच्या ड्रिल बिटने हळूहळू डोकं खरवडा. पूर्ण भोक पाडायचं नाही. रिव्हेटचं पसरलेलं डोकं गेलं की बूड आपोआप सुटतं. डोळ्यांवर चष्मा हवाच. धातूचा भुसा उडतो, तो जेवणाच्या टेबलावर नको. मुलं सोबत असतील तर हे काम मोठ्यांनी करावं आणि रंगकाम मुलांवर सोपवावं.

धातूच्या अंगावर रंग थेट बसत नाही. आधी प्रायमर मारा आणि पूर्ण वाळू द्या. माझी पहिली गाडी मी प्रायमरशिवाय रंगवली होती. तिसऱ्या खेळापर्यंत बॉनेटवरचा रंग सालीसारखा निघून हातात आला.

गंज मात्र आपल्याकडे फार सुरेख जमतो, कारण त्यासाठी लागणारी वस्तू कुंभाराकडे आणि पूजेच्या दुकानात मिळते: गेरू. भांडी घासायच्या स्पंजचा एक तुकडा फाडून घ्या, त्यावर गडद तपकिरी रंग लावा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि गाडीच्या कडांवर, दाराच्या फटींवर, चाकांच्या कमानींवर नुसते टिपके द्या. ते वाळले की त्याच जागी, पण थोड्या कमी भागात, नारिंगी टिपके द्या. मग कोरड्या ब्रशने चिमूटभर गेरू फटींत भरा आणि वरून मॅट वार्निशचा पातळ हात फिरवा, नाहीतर सगळ्यांची बोटं लाल होतील. गेरूला जो खरखरीत, मातकट पोत असतो तो बाटलीतल्या रंगाला येत नाही.

काचांवर जाळी हवी असेल तर चहाची जुनी गाळणी कापा. बंदुकीच्या नळीला संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलचा तुकडा, धक्के मारायच्या सळईला काडेपेटीची काडी. चिकटवायला झटपट चिकटणारा डिंक, थेंबभरच.

मैदान

चार फूट लांब-रुंद जागा मिळाली की पुरे. जुनी चादर अंथरा, शक्यतो खाकी किंवा विटकरी. खडकांसाठी झाडाच्या वाळक्या सालीचे तुकडे उत्तम. थर्माकोलचे खडक करायचे तर स्प्रेचा डबा लांब ठेवा, थर्माकोल विरघळून खड्डे पडतात. हाताने, पाण्यात मिसळणारा रंग लावा. पुठ्ठ्यावर फेविकॉल पसरून चाळलेली वाळू शिंपडली की खडबडीत जमिनीचा पट्टा तयार.

शर्यतीला दरवाजे लागतात. प्रत्येक दरवाजा म्हणजे दोन खांब, मधून दोन गाड्या शेजारी-शेजारी निघतील एवढं अंतर. तीन-चार पुरे आहेत आणि ते ठरलेल्या क्रमानेच ओलांडायचे. माझा आग्रह असा की मार्ग गोल ठेवू नका, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा ठेवा. गोल मार्गावर पुढचा पुढेच राहतो. आठच्या मार्गात मधला चौक येतो, तिथे पुढची आणि मागची गाडी समोरासमोर येते आणि खेळात जीव येतो.

खेळाचं इंजिन: सहा टप्पे, घसरणीचे फासे आणि चिंचोके

इथे घाई करू नका. एवढा भाग समजला की बाकीचं पुस्तक आपोआप उलगडतं.

प्रत्येक फेरीत सहा टप्पे असतात, गिअर एक ते गिअर सहा. पहिल्या टप्प्यात पहिल्या किंवा त्यावरच्या गिअरमधल्या गाड्या, म्हणजे सगळ्याच, चालतात. दुसऱ्या टप्प्यात दुसऱ्या किंवा वरच्या गिअरमधल्या. पाचव्या टप्प्यात फक्त पाचव्या-सहाव्यातल्या. म्हणजे वेग हा इथे सेंटिमीटरमध्ये नसून पाळीत आहे. पहिल्या गिअरमधली गाडी फेरीत एकदा हलते, पाचव्यातली पाच वेळा. सगळ्या गाड्या पहिल्या गिअरमध्ये सुरू होतात. पहिल्या टप्प्यात चाल करताना गिअर वाढवून दुसरा केलात, तर लगेच येणाऱ्या दुसऱ्या टप्प्यात पुन्हा तुमची पाळी. जिन्याच्या पायऱ्या चढावं तसं.

चाल करताना पुठ्ठ्याच्या पट्ट्या वापरायच्या: सरळ, हलकं वळण, काटकोनी वळण, नागमोडी, अगदी माघारी फिरणारं. पुस्तकातून त्या कापून घेता येतात. प्रत्येक पट्टीवर ती कोणत्या गिअरमध्ये चालते ते छापलेलं असतं. काही गिअरमध्ये ती सोपी मोजली जाते, काहींमध्ये धोकादायक. पट्टी गाडीला लावून बघायची आणि मग बदलायची, असं चालत नाही. डोळ्याने अंदाज घ्यायचा, एकदा टेकवली की तीच चाल. हा नियम नवख्यांसाठी सोडून देण्याचा मोह होतो. सोडू नका. चुकलेल्या अंदाजातूनच या खेळातल्या सगळ्या चांगल्या गोष्टी घडतात.

पट्टी ठेवली की फासे. गाडीच्या हाताळणीचा जो आकडा असतो (कारचा ३, बग्गीचा ४) तेवढ्यापर्यंत कितीही फासे टाका, शून्यही चालतो. खास फासे नसले तर साध्या फाशावर असं वाचा: १ म्हणजे धोका, २ म्हणजे गिरकी, ३ म्हणजे घसरण, ४-५-६ म्हणजे शिफ्ट. गिरकीत गाडी जागच्या जागी ९० अंशांपर्यंत फिरते, घसरणीत बाजूला सरकते, आणि या तिन्ही वाईट निकालांनी गाडीवर धोक्याची टोकन चढतात.

शिफ्ट ही तुमची कमाई. एका शिफ्टने एक वाईट निकाल रद्द करता येतो. किंवा गाडीवरचं एक टोकन काढता येतं. किंवा गिअर एकाने वर किंवा खाली नेता येतो, पण गिअर कुठल्याही दिशेने बदलला तरी एक टोकन चढतं.

टोकन म्हणून आम्ही चिंचोके वापरतो. गाडीच्या शेजारी ते मांडलेले असतात, टेबलाच्या पलीकडूनही मोजता येतात आणि हातात घेतल्यावर त्यांचा गुळगुळीत थंडपणा बरा वाटतो. ज्या गाडीजवळ सहा चिंचोके जमले तिचा ताबा सुटला. गाडी उलटते की नाही ते फाशावर ठरतं, पण गिअर एकवर येतो हे नक्की, आणि तुमच्या डावीकडचा खेळाडू तुमची गाडी हव्या त्या दिशेला तोंड करून ठेवतो. तो ती खडकाकडेच करणार.

एक प्रसंग सांगतो. माझा भाचा तिसऱ्या गिअरमध्ये होता, तिसरा टप्पा, गाडीजवळ चार चिंचोके. वळण घेतलं, तीन फासे टाकले: ५, ४ आणि ३. म्हणजे दोन शिफ्ट आणि एक घसरण. त्याने लगेच गिअर पाचवर न्यायला हात पुढे केला. मी म्हटलं, “थांब, आधी मोज.” दोन्ही शिफ्ट गिअरवर खर्च केल्या तर दोन चिंचोके त्यांचे आणि एक रद्द न झालेल्या घसरणीचा. चार अधिक तीन, सात. गाडी गेली. दुसरा रस्ता: एका शिफ्टने घसरण रद्द, दुसरीने एक चिंचोका कमी, उरले तीन, पण गिअर तिसराच, म्हणजे चौथ्या टप्प्यात नुसतं बसून राहायचं. तिसरा रस्ता: घसरण रद्द आणि गिअर चौथा; चिंचोके पाच.

“मामा, पाच म्हणजे अजून सहा नाही ना?” असं म्हणत त्याने तिसरा रस्ता घेतला. चुकीचा नव्हता. चूक त्याने पुढच्या टप्प्यात केली. पाच चिंचोके असताना त्याने एकच फासा टाकला, आणि एका फाशावर शिफ्ट येण्याची शक्यता निम्मीच. २ आला, गिरकी, सहावा चिंचोका. तिथे शून्य फासे टाकून मध्यम लांबीची सरळ पट्टी लावली असती तर काहीच चढलं नसतं. किंवा तिन्ही फासे टाकले असते तर एकाचा वाईट निकाल दुसऱ्याच्या शिफ्टने झाकण्याची संधी होती.

नवखे हरतात ते असे. चौथ्या गिअरमधली गाडी दुसऱ्या टप्प्यात कोलमडली तर त्याच फेरीतल्या दोन पाळ्या बुडतात, आणि पुढची फेरी पुन्हा पहिल्या गिअरपासून. एवढं नुकसान करायला शत्रूला तोफ लागेल. म्हणून पहिली शर्यत बिनबंदुकीची खेळा. खरंच. अर्धा तास, एक फेरा, फक्त पट्ट्या आणि चिंचोके. माझ्याकडे आलेल्या ज्या ज्या माणसाने ही एक शर्यत खेळली तो दुसऱ्या शर्यतीत वेगळाच चालक होता.

आता बंदुका

गाड्या आणि शस्त्रं ‘कॅन’ या खेळातल्या चलनात विकत घ्यायची असतात, नेहमीचा संघ ५० कॅनचा. पहिल्या सशस्त्र शर्यतीला एवढं नको. कार १२ कॅनची, बग्गी ६ ची, दोन्हींवर पुढच्या बाजूला प्रत्येकी २ कॅनची मशिनगन. बेरीज २२. कारला १० घाव सोसतात, बग्गीला ६.

नेमबाजी सोपी आहे. मशिनगनला दोन फासे, चार किंवा जास्त आला की एक घाव, सहा आला की दोन. ज्याच्यावर गोळी झाडली तो आपल्या सध्याच्या गिअरइतके फासे टाकतो आणि त्यातला प्रत्येक सहा एक घाव चुकवतो. म्हणजे वेगात असलेली गाडी धरणं कठीण आणि पहिल्या गिअरमध्ये अडकलेली गाडी आयतं सावज. पुन्हा चिंचोक्यांपाशीच आलो.

मृत्यूच्या शर्यतीत (आपण खेळतोय तो डाव हाच) पहिला दरवाजा ओलांडेपर्यंत गोळीबार बंद असतो, त्यामुळे सुरुवातीच्या रेषेवरच कत्तल होत नाही. धडकेचा हिशेब मात्र पहिल्या क्षणापासून लागू. समोरासमोर धडकलात तर दोघांच्या गिअरची बेरीज एवढे फासे, मागून ठोकलंत तर दोघांच्या गिअरमधला फरक. पाचव्या गिअरमधली बग्गी चौथ्यातल्या बग्गीवर समोरून आली की नऊ फासे. सहा घावांची बग्गी त्यातून वाचेलच असं नाही.

फिरत्या बुरुजावर बसवलेलं शस्त्र तिप्पट किमतीला पडतं. नवीन माणूस ते हमखास घेतो. त्यापेक्षा एक मशिनगन पुढे, आणि नेम साधण्यासाठी गाडी वळवायला शिका.

राक्षस सोडा

पुस्तकात झॉम्बींच्या झुंडी चिरडण्याचा वेगळा डाव आहे, तो जरूर खेळा. पण वाळूतून वर येणारी अजस्र श्वापदं शर्यतीतच असावीत असं आम्हाला वाटलं, म्हणून घरच्या टेबलावर काही नियम आम्ही स्वतः बसवले. ते पुस्तकातले नाहीत. बरीच मोडतोड करून टिकलेले आहेत, म्हणून देतो.

राक्षस म्हणून जत्रेत मिळणारी रबरी पाल, प्लॅस्टिकचा डायनोसॉर, काळी इंगळी, काहीही घ्या. इंगळी सगळ्यात चांगली दिसते. नांगीला नारिंगी टिपका द्या. तीन राक्षस पुरेत. सुरुवातीच्या रेषेपासून दूर, दरवाज्यांच्या अधेमधे ठेवा.

पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या टप्प्याच्या शेवटी प्रत्येक राक्षस सरळ आखूड पट्टीइतका सरकतो. कोणाकडे? इंजिनाचा आवाज सगळ्यात मोठा त्याच्याकडे, म्हणजे सगळ्यात वरच्या गिअरमधल्या गाडीकडे. दोन गाड्यांचा गिअर सारखा असेल तर जवळच्या गाडीकडे. राक्षसाचा स्पर्श झाला की गाडीवर तीन फाशांचा हल्ला आणि एक चिंचोका. राक्षसाला आठ घाव. गाडीने त्याला ठोकलं तर गाडीच्या गिअरइतके फासे.

आधी आम्ही राक्षस सगळ्यात जवळच्या गाडीवर सोडत असू. मग व्हायचं असं की मागे पडलेला, आधीच खिळखिळा झालेला खेळाडूच त्याचा घास व्हायचा, आणि पुढचा आरामात निघून जायचा. आवाजाचा नियम केल्यावर चित्र पालटलं. जो सगळ्यात पुढे पळतोय त्याच्याच दिशेने तिन्ही राक्षस वळतात, त्याला गिअर उतरवावा लागतो, आणि मागचे पुन्हा शर्यतीत येतात. शिवाय राक्षसाला भुलवता येतं. माझ्या भाचीने एकदा मुद्दाम बग्गीचा गिअर पाचवर नेला, इंगळीला स्वतःमागे ओढत चौकापर्यंत आणलं, तिथे गिअर उतरवला आणि समोरून येणाऱ्या भावाच्या कारकडे ती इंगळी वळवून दिली. नियम करताना ही युक्ती आमच्यापैकी कोणालाही सुचली नव्हती.

एक खबरदारी. राक्षस कोण हलवणार यावरून भांडणं होतात. प्रत्येक वेळी सध्या सगळ्यात मागे असलेल्या खेळाडूने हलवावा. त्याच्या हातालाही काम राहतं.

वेळ, माणसं, आवराआवर

तीन किंवा चार जण उत्तम. दोघांत राक्षसांची मजा कमी होते, सहा जणांत पाळी येईपर्यंत चहा गार होतो. चौघांची सशस्त्र शर्यत, तीन दरवाजे, दीड ते दोन तास धरा. शेवटचा दरवाजा पहिली ओलांडेल ती गाडी जिंकली. बाकीच्यांचे किती घाव उरले, कोणी किती गाड्या फोडल्या, याला शर्यतीत किंमत नाही. हे सुरुवातीलाच मोठ्याने सांगा, कारण गोळीबार सुरू झाला की माणसं दरवाजे विसरतात.

नियमांवरून अडलात तर पुस्तक उघडून दहा मिनिटं घालवू नका. फासा टाका, मोठा आकडा (४ ते ६) आला तर एकाचं म्हणणं, लहान (१ ते ३) आला तर दुसऱ्याचं. शर्यत संपल्यावर शांतपणे शोधा आणि वहीत लिहून ठेवा.

गाड्या एकत्र पिशवीत टाकू नका, गाळणीची जाळी पहिल्या दिवशीच निघते. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या. एका खळग्यात एक गाडी तिरकी, नाक खाली घालून बसते. चिंचोके डब्यात.

आणि ट्रे झाकण्याआधी ब्रश पुन्हा ओला करा. ज्या गाडीचं त्या दिवशी जे झालं ते तिच्यावर रंगवून ठेवा. बॉनेटवर गोळीची भोकं, दारावर दुसऱ्या गाडीच्या रंगाचा ओरखडा. भाचीच्या बग्गीच्या छतावर नांगीची एक काळपट खोक आहे, चौकातल्या त्या दिवसाची. तिच्या भावाने स्वतःहून रंगवून दिली, आणि बुडाशी बारीक अक्षरात तारीख घातली.